एक्केचाळीस मसुदे आणि एक मोडेम

ऊनाच्या पत्राला मर्व्हिन ट्रेवार्थानं उत्तर दिलं नव्हतं, याचा अर्थ त्यानं उत्तर लिहिलं नव्हतं असा मात्र कुणी घेऊ नये. चार महिन्यांत त्यानं एक्केचाळीस उत्तरं लिहिली होती. पाठवलं एकही नव्हतं, एवढंच.

पत्र नोव्हेंबरात आलं होतं, समुद्रापलीकडच्या टास्मानिया बेटावरून. ऊना पूर्वी इथं, पोर्ट कॅरिकच्या शाळेत संगीत शिकवायची, तेव्हा मर्व्हिन गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होता. पुढं ती लग्न होऊन टास्मानियात गेली. गेली नऊ वर्षं ती तिथं एकटी होती. पत्रात आधी हवापाणी होतं, मग गुडघे, मग शेजाऱ्याच्या मेंढ्या. आणि तिसऱ्या पानावर, मीठ मागावं इतक्या सहजपणे, तिनं विचारलं होतं: 'क्लिफ स्ट्रीटवरचं एलिसांचं घर भाड्यानं द्यायचंय असं कळलं. मी ते घेतलं तर तुला त्रास होईल का? खरं सांग. भाची म्हणते, पर्थला माझ्याकडेच राहायला ये. तिला ईस्टरच्या आधी हो-नाही कळवायचंय.'

आता 'त्रास होईल का' याला उत्तर काय द्यायचं? 'त्रास होणार नाही' असं लिहिलं, तर नगरपालिकेनं गटाराच्या कामाला ना-हरकत दिल्यासारखं वाटत होतं. 'जरूर ये, वाट पाहतो' असं लिहिलं, तर एकोणसत्तराव्या वर्षी आपण खिडकीखाली गिटार घेऊन उभे आहोत असं वाटून मर्व्हिनचे कान तापत. 'तुझ्या सोयीनं ठरव' हे एकोणिसाव्या मसुद्यातलं वाक्य त्याला दोन दिवस फार आवडलं होतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की दंतवैद्याच्या दवाखान्यातून येणाऱ्या कार्डावर हेच छापलेलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कपाटात नीट लावून ठेवलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य जमेना.

पत्राच्या तळाशी ताजा कलम होता. 'लिहिणं जड जात असेल, तर आमच्या वाचनालयाच्या संगणकाला फोन लावून चिठ्ठी ठेवता येते. सोमवारी सकाळी तिथं मीच बसते.' खाली नंबर.

हा ताजा कलम मार्च अर्धा उलटेपर्यंत मर्व्हिननं नजरेआड केला होता. संगणक त्याच्याकडे होता. किनाऱ्यावर फुटलेल्या जुन्या जहाजांची यादी तो त्यावर करत असे. पण फोन वाजला की तो आधी परसात निघून जाई. शेवटी ईस्टर तीन आठवड्यांवर आला, आणि बुडत्याला काडीचा आधार तसा त्याला डेस किटोचा आधार घ्यावा लागला.

डेस शेजारीच राहायचा. नोकरीत असताना धक्क्यावरच्या गव्हाच्या कोठारात तो वजनकाट्यावर होता, आणि त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचं वजन आपल्याला बघताक्षणी कळतं असं त्याचं मत होतं. हल्ली त्याला संगणकाचा नाद लागला होता. त्यानं आपलं जुनं मोडेम पुसून आणलं, मर्व्हिनच्या संगणकाला एका बाजूनं आणि भिंतीतल्या फोनच्या खाचेला दुसऱ्या बाजूनं जोडलं, आणि हात झटकले.

"यात अवघड काय आहे मित्रा? फोन लाव. तिकडचा संगणक उचलेल, नाव विचारेल, परवलीचा शब्द विचारेल. मग चिठ्ठी टाक आणि बाहेर ये. चार मिनिटांचं काम."

"म्हणजे मला समोर बसावं लागेल?"

"नाही तर कोण बसणार? बिशप?"

"तसं नाही," मर्व्हिन चष्मा पुसत म्हणाला. "त्याच वेळी तिकडं कुणी बसलेलं असलं, आणि त्यांनी काही विचारलं, तर?"

"तर उत्तर दे."

हेच तर होत नव्हतं. मर्व्हिनचा चेहरा पाहून डेसला बहुधा दया आली. "बरं, मग आज्ञावली लिही," तो म्हणाला. "एकेका ओळीत एकेक हुकूम. नंबर लाव. अमुक शब्द येईपर्यंत थांब. आले की तमुक पाठव. परत थांब. तू तिकडं धक्क्यावर गळ टाकून बस, यंत्र तुझ्या वतीनं जाऊन बोलून येईल."

मर्व्हिनला त्या रात्री कधी नव्हे ती गाढ झोप लागली. आपल्या वतीनं कुणीतरी जाऊन बोलून येणार, आणि आपण त्या वेळी दोन मैलांवर असणार! प्रत्येक कठीण प्रसंगी अशी सोय असती, तर त्याचं आयुष्य वेगळंच झालं असतं.

डेसनं दिलेली मार्गदर्शक पुस्तिका त्यानं दोन दिवसांत टिपणं काढत वाचली, आणि सुवाच्य आज्ञावली लिहिली. यंत्रानं ती तिसऱ्या ओळीवर नाकारली. मग पाचव्या, मग सातव्या. डेसला बोलवावं लागलं. त्यानं पडद्यावर वाकून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"प्रत्येक हुकमाच्या आधी हे 'कृपया' काय लिहिलंयस?"

"नुसतं 'थांब' म्हणणं बरं दिसत नाही."

"यंत्राला?"

"ते आपलं काम करतंय ना," मर्व्हिन पुटपुटला.

डेसनं एकेक 'कृपया' पुसला. "तुला काही शेरा मारायचाच असेल, तर ओळीच्या सुरुवातीला हे चिन्ह दे. ती ओळ यंत्र वाचत नाही, उडी मारून पुढं जातं. माणसानं माणसासाठी लिहायची जागा असते ती."

कुणीच वाचत नाही अशी जागा! मर्व्हिनला हे फार मानवलं. तीन दिवसांनी डेस परत डोकावला तेव्हा आज्ञावलीत हुकूम होते अकरा, आणि शेरे होते सत्तर. डेस चूक शोधायला म्हणून वाचायला लागला. 'इथं जरा दम घे. ती आत्ताच आली असेल, हातमोजे काढत असेल.' 'नाव पाठवताना घाई नको. नाव वाचून ती काय म्हणेल कुणास ठाऊक.' 'एलिसांच्या घराला पूर्वेची खिडकी आहे. पियानो तिथं मावेल. परवा सहज जाऊन पावलांनी मोजलं.'

डेस एकही चूक न काढता पडद्यापासून मागं सरला. हे त्याच्या बाबतीत इतकं दुर्मीळ होतं, की मर्व्हिननं वळून पाहिलं.

"मित्रा," डेस म्हणाला, "या ओळी तिकडं जात नाहीत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि प्रत्यक्ष जी चिठ्ठी जाणार आहे, तिच्यात काय आहे?"

मर्व्हिननं दाखवली. 'पत्र मिळालं. हरकत नाही. म. ट्रेवार्था.'

डेसनं वजनकाट्यावर अर्ध्या आयुष्यात खूप काही तोललं होतं. पण हे पाहून तो नुसता "बरं" म्हणाला आणि घरी जेवायला गेला.

पहिल्या सोमवारी सकाळी दहाला मर्व्हिननं यंत्राला हुकूम सोडला, दार ओढून घेतलं आणि खिमा भरलेल्या पेस्टीचा डबा घेऊन धक्क्यावर गळ टाकायला गेला. आज्ञावलीत त्यानं दूरदृष्टीनं एक कलम घातलं होतं: फोन लागला नाही, तर एक मिनिट थांबून पुन्हा लावावा. किती वेळा, ते लिहायचं राहिलं होतं. चिकाटी हा सद्गुणच आहे अशी त्याची समजूत होती; ती सहसा स्वतःत चिकाटी नसलेल्या माणसांची असते.

एक वाजता दोन गारफिश घेऊन तो परतला, तर कुंपणाला टेकून पलीकडच्या घरातल्या मिसेस रॉडा उभ्या होत्या. मिसेस रॉडांचं वय एक्क्याऐंशी. गावचं टेलिफोन एक्स्चेंज हातानं चालत होतं तेव्हा एकतीस वर्षं त्या तिथं बसल्या होत्या. पोर्ट कॅरिकमध्ये एकानं दुसऱ्याला काय म्हटलं, हे त्या दोघांना आठवत नसलं तरी मिसेस रॉडांना आठवे.

"मर्व्हिन, अरे तुझ्या त्या डब्यानं आज सत्तेचाळीस वेळा फोन लावला. मी व्हरांड्यात मोजत बसले होते. कुणाच्या जिवावर उठलायस?"

"टास्मानिया," मर्व्हिन म्हणाला.

"टास्मानिया कसलं! ती बघ टास्मानिया येतेय."

रस्त्यावरून थेल्मा बाइस येत होती. थेल्मा बोल्स क्लबची, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या क्लबची, सेक्रेटरी. ईस्टरच्या सामन्यांच्या जोड्या लावायचं काम तिच्याकडे होतं आणि सकाळभर तिचा फोन त्यासाठी खणखणायला हवा होता. तो खणखणला होताच.

"सत्तेचाळीस वेळा!" थेल्मा म्हणाली. "उचलला की काय, तर पीं! दोन सेकंद गप्प. परत पीं! मला वाटलं कडीना गावचा क्लब आमचे सामने मोडायला बघतोय. आणि आमचा विल्फ! विसाव्या फोनपासून तो त्याला शीळ घालून उत्तर द्यायला लागला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्याशी एवढं बोलला नाही रे तो माणूस!"

कारण संध्याकाळी डेसनं शोधलं. गावचं एक्स्चेंज जरा निवांत. फोन उचलला की 'लावा आता नंबर' असं सांगणारा त्याचा घुर्र आवाज यायला दोन सेकंद जात. मोडेम तोवर कुठलं थांबतंय? त्यानं नंबर लावायला सुरुवात केली, पहिले तीन आकडे हवेत विरले, आणि उरलेले सहा नेमके थेल्माचे निघाले. उपाय सोपा होता. नंबराच्या आधी एक स्वल्पविराम घालायचा, म्हणजे यंत्र तेवढं थांबतं. चाळीस वर्षं गावकऱ्यांच्या अर्जांत स्वल्पविराम घालून देणाऱ्या मर्व्हिनला या गोष्टीनं जे लागलं, ते थेल्माच्या बोलण्यानंही लागलं नव्हतं.

थेल्मानं मात्र तोवर टेलिफोनवाल्यांकडे तक्रार नोंदवली होती. खरा प्रकार कळल्यावर ती विरघळली, मर्व्हिनसाठी ईस्टरचे गरम क्रॉस बन घेऊन आली आणि म्हणाली, "मी तक्रार मागे घेते म्हटलं रे. तर ते म्हणतात, नोंदवायचा फॉर्म आमच्याकडे आहे, मागे घ्यायचा ॲडलेडहून मागवावा लागतो."

पुढचा सोमवार हा शेवटचा. गुरुवारनंतर ईस्टरच्या सुट्ट्या लागणार होत्या. मर्व्हिननं स्वल्पविराम एकाऐवजी दोन घातले, सकाळी साडेनऊला हुकूम सोडला, आणि या वेळी दाराआड उभा राहून कान दिला. पलीकडून एक किंकाळी आली, अलीकडून तिला उत्तर गेलं, दोघांनी थोडा वेळ घसे खरवडले आणि मग शांत झाले. जोडलं गेलं! मर्व्हिन पाय न वाजवता घराबाहेर पडला आणि धक्क्याकडे अक्षरशः पळाला.

दीड वाजता तो घरी आला तेव्हा फाटकाशी एक अनोळखी गृहस्थ कागद लावलेली पाटी छातीशी धरून उभे होते. टेलिफोनवाल्यांचे निरीक्षक, मिस्टर पॅस्को. मिसेस रॉडा त्यांच्याशी गप्पा मारत होत्या. मिस्टर पॅस्कोंच्या आईचं लग्न कुणाशी मोडलं होतं इथवर गाडी आली होती.

"तुमचं यंत्र पाहायचं आहे," मिस्टर पॅस्को सुटका झाल्यासारखे म्हणाले.

तिघं आत गेले. मोडेमचे लाल दिवे लागलेलेच होते.

"कॉल चालू आहे?"

"असं दिसतंय," मर्व्हिन म्हणाला. त्याच्या हातात अजून गळ होता.

"किती वाजल्यापासून?"

"साडेनऊ."

मिस्टर पॅस्कोंनी पाटीवर लिहिलं. "संभाषणाचा प्रकार? कौटुंबिक, व्यावसायिक की इतर?"

"संभाषण झालं का, तेच बघायचंय."

"चार तासांत?"

"काय झालं असेल ते तिथं असेल," मिसेस रॉडा म्हणाल्या आणि चष्मा लावून पडद्याजवळ गेल्या. एकतीस वर्षांची सवय. दुसऱ्याच्या बोलण्यापासून लांब उभं राहणं त्यांना जमलंच नसतं. मर्व्हिन त्यांच्या खांद्यावरून पाहू लागला. मिस्टर पॅस्को त्याच्या खांद्यावरून.

पलीकडच्या वाचनालयानं ईस्टरनिमित्त जुन्या पुस्तकांची विक्री ठेवली होती. तिची जाहिरात त्यांनी सगळ्यात आधी लावली होती, आणि तिच्याखाली होतं, 'पुढं जायला कोणतीही कळ दाबा.' मर्व्हिनच्या आज्ञावलीला हे शब्द ठाऊक नव्हते. 'तुमचं नाव काय?' असं कुणी विचारलं की बोलायचं, हे तिला शिकवलेलं होतं. तसं कुणी विचारलं नाही, म्हणून ती थांबली. किती वेळ थांबायचं आणि मग काय करायचं, हे पुस्तिकेत बाराव्या पानावर होतं; पण थांबण्याचीही मुदत असते, हे मर्व्हिनला ते पान वाचतानाही पटलं नव्हतं. ती चार तास थांबली होती. आणि त्या चार तासांत जाहिरातीखाली एकेक ओळ उमटत गेली होती.

'कोण आहे?'

'एखादी कळ दाबा म्हणजे पुढचं दिसेल. मी इथं बसून पाहतेय, घाबरू नका.'

'वाचनालयाला एकच लाइन आहे हो. जिवंत आहात ना?'

मग दहा वाजून वीस मिनिटांनी: 'इतका वेळ लाइन धरून गप्प राहील असा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.'

'मर्व्हिन, तू असशील तर काही लिहू नकोस. तसाही लिहिणार नाहीसच.'

'मी कार्डं लावतेय. तू बस.'

'पाऊस थांबला इथला.'

'बारा वाजले. मी आता निघते. भाचीला गुरुवारी रात्री फोन करायचाय. पर्थची खोली छान आहे म्हणे. खिडकीतून मोटारी लावायची जागा दिसते.'

आणि शेवटी: 'लाइन मी तोडत नाही. तुला हवी तेव्हा तू तोड.'

मिस्टर पॅस्कोंनी पेन खिशात ठेवलं, परत काढलं आणि फॉर्मवर 'इतर' समोर हलकेच खूण केली. मग, मान वर न करता, ते म्हणाले, "या यंत्रावर मान्यतेचा शिक्का नाही. मला ते बंद करून सील करावं लागेल. माफ करा, मिस्टर ट्रेवार्था. तुम्हीच बंद करता का?"

मर्व्हिन हलला नाही. बंद करायचं म्हणजे लाइन तोडायची.

"मिसेस रॉडा," तो हळूच म्हणाला, "मी तिला काय सांगू हेच मला अजून सापडलेलं नाही."

"सापडलं नाही तेच सांग की!" मिसेस रॉडा खुर्ची ओढून बसल्या. "हे बघ. एक्स्चेंजवर आमचा पहिला नियम. नंबर लागत नसला, तर दर अर्ध्या मिनिटानं परत माणसाकडे यायचं आणि म्हणायचं, 'अजून प्रयत्न करतेय.' नवं काही सांगायला नसलं तरी. गप्प लाइनवर माणसाला वाटतं, तिकडं कुणी नाहीच. मग तो ठेवून देतो. ही बाई चार महिने थांबलीय. अशी बाई आमच्याकडं असती तर मी तिला सुपरवायझर केलं असतं."

"पण नेमके शब्द..."

"एकसष्ट साली तू तिला ट्रंक कॉल लावला होतास. मीच जोडून दिला होता. तीन मिनिटं तू नुसता श्वास घेतलास! तेव्हापण नेमके शब्दच शोधत होतास ना?"

"तुम्ही ऐकत होता?"

"ऐकत नव्हते. लाइन तपासत होते." त्यांनी मिस्टर पॅस्कोंकडे एक कडक नजर टाकली. "आता ते सील-बिल नंतर करा. टपाल किती वाजता निघतं?"

"पाचला," मिस्टर पॅस्को म्हणाले. "आज टाकलं तर बुधवारी टास्मानियात मिळेल. आणि," ते जरा घुटमळले, "पत्राला मान्यतेचा शिक्का लागत नाही."

मर्व्हिननं मोडेम स्वतःच्या हातानं बंद केलं. बंद करण्याआधी त्यानं काय केलं म्हणाल, तर एक कळ दाबली. कोणती ते त्यालाही कळलं नाही. पडद्यावर 'तुमचं नाव काय?' असा प्रश्न आला, आणि यंत्र नाव पाठवत असतानाच दिवे विझले.

मग तो टेबलाशी बसला आणि त्यानं बेचाळिसावं पत्र लिहिलं. मिसेस रॉडा आणि निरीक्षक स्वयंपाकघरात बसून क्रॉस बनना लोणी लावत होते. आत कुणीतरी आहे, या धाकानं त्याला खाडाखोड करता येईना. पत्र असं होतं:

'प्रिय ऊना, लाइनवर मीच होतो, म्हणजे माझं यंत्र होतं. मी धक्क्यावर होतो, कारण मी भित्रा आहे. खरं सांग म्हणालीस म्हणून सांगतो. तू आलीस तर मला त्रास होईल. रोज दाढी करावी लागेल. किटलीत दोघांचं पाणी ठेवावं लागेल. तुझा पियानो ऐकू येतो का म्हणून हिवाळ्यातसुद्धा खिडकी उघडी ठेवावी लागेल. एवढा त्रास मला आजवर कुणी दिलेला नाही. ये. मर्व्हिन.'

पाच वाजायला पाच मिनिटं असताना तो पोस्टाच्या भिंतीतल्या फटीसमोर उभा होता. मागं मिसेस रॉडा, त्यांच्यामागं कामावर असल्याचं दाखवणारे मिस्टर पॅस्को, आणि समोरच्या फुटपाथवर, दुकानातले बूट बघत असल्याचं दाखवणारा डेस. मर्व्हिननं पत्र फटीत सरकवलं. 'भित्रा' हा शब्द जरा जास्तच झाला का? 'घाबरट' बरा होता का? की ते वाक्यच काढावं? पत्र आत गेलं होतं, पण त्याचा एक कोपरा त्यानं दोन बोटांत धरून ठेवला होता.

भिंतीपलीकडून, पत्राच्या दुसऱ्या टोकाला, कुणीतरी हळूच ओढलं.

"मर्व्हिन, तूच आहेस ना रे?" पोस्टमास्तरीणबाईंचा आवाज आतून आला. "पिशवी बांधायचीय मला. सोडतोस का आता?"

त्यानं सोडलं.